मुलगी आठवीत आहे, गाईडच्या चार दिवसांच्या शिबिराला पाठवावं का? घरचे म्हणतात अभ्यास बुडेल. पुढं काही उपयोग होतो का?

पाठवा. चार दिवसांत अभ्यास बुडत नसतो. आमच्या घरात हाच प्रश्न निघाला होता आणि तेव्हा चुकीचा निर्णय झाला, म्हणून लिहायला बसलोय.

१९९७ ची गोष्ट. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. मी नववीत, स्काऊटमध्ये. चुलत बहीण शालू आठवीत, गाईडमध्ये. चैत्र लागलेला, विहिरीत पुरुषभर पाणी. मोटार पाणी ओढेना म्हणून आमचे सालगडी, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, फूटव्हॉल्व्हचा म्हणजे पाइपाच्या तळच्या झडपेचा गाळ काढायला उतरले अन् कपारीवरून घसरले. पाय मोडला. दगडाला धरून कसेबसे तरंगत होते. काकांनी घाईघाईत दोराला सरकफास केला. तो काखेत अडकवून ओढलं असतं तर वजनानं आवळत गेला असता. मला ते कळत होतं, पण हात थरथरत होते, गाठ काही केल्या आठवेना.

शालूनं दोर ओढून घेतला. ओठातल्या ओठात म्हणत होती, "उंदीर बिळातून वर आला, लिंबाला वळसा घातला, परत बिळात गेला." आमच्या सरांनी बोलाईन नावाची गाठ अशीच शिकवली होती. छोटा वेढा म्हणजे बीळ, उभा दोर म्हणजे लिंब. या गाठीचा फास होत नाही, आणि काम झालं की सहज सुटते. तिनं वाकून हाक दिली, "मामा, दोन्ही काखांखालून घ्या." दोराचा वेढा रहाटाच्या खांबाला घेऊन चौघांनी ओढलं. मामा वर आले.

पुढच्या वर्षी तृतीय सोपान, म्हणजे स्काऊट-गाईडची तिसरी पायरी, पूर्ण झालं आणि राज्य पुरस्काराच्या शिबिरासाठी तिचं नाव आलं. काका म्हणाले, "पोरीला रात्री बाहेर ठेवत नसतो. गाठी मारून कुणाचं पोट भरलंय?" मी गेलो. राज्यपालांच्या सहीचं प्रमाणपत्र माझ्याकडं आहे, जिनं माणूस वर काढला तिच्याकडं नाही. राज्य पुरस्कार नाही म्हणल्यावर राष्ट्रपती पुरस्काराचाही रस्ता बंद झाला. रेल्वेत स्काऊट-गाईडच्या कोट्यातून भरती होते, तिथं राष्ट्रपती पुरस्कार ही एक पात्रता धरतात. तेव्हा उपयोग काय, हे घरच्यांना यावरून सांगा. काका आजही म्हणतात, मामांचं नशीब बलवत्तर होतं. नशिबाला बोलाईन मारता येत नाही, काका.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सगळ्या शाळांत हे नीट चालतं असं नाही. काही ठिकाणी पथक कागदावरच असतं, गणवेशाचे पैसे घेतात आणि स्कार्फ फक्त २६ जानेवारीला बाहेर निघतो. मुलीच्या हातात दोरी द्या आणि प्रथम सोपानातल्या गाठी मारायला सांगा, पाच मिनिटांत कळेल. गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींचं पथक चालवणाऱ्या बाई, प्रशिक्षण घेतलेल्या आहेत का, रात्री मुलींसोबत त्याच मुक्कामी राहणार का, झोपायची आणि संडासची सोय काय, हे त्यांना तोंडावर विचारा. विचारल्याचा राग आला तर पाठवू नका. शंका राहिलीच तर जिल्ह्याच्या ठिकाणी स्काऊट-गाईडचं कार्यालय असतं, तिथं जाऊन या. बॅगेत टॉर्च आणि पाळीचं सामान आठवणीनं द्या.

आणि घरात ज्यांचा विरोध आहे, त्यांना शेवटच्या रात्री शेकोटीला घेऊन जा, पालकांना येऊ देत असतील तर. आमच्या काकांना कुणी नेलंच नाही. मीसुद्धा नाही.