दाढी गहाण टाकणारा जावई आणि इतर प्रश्न

धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिश्चनांनी जेरुसलेमच्या परिसरात उभारलेल्या क्रुसेडर राज्यांवरच्या मागच्या लेखानंतर बरेच प्रश्न आले. निम्मे एकाच राजाबद्दल होते, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच.

प्रश्न : जेरुसलेमचा चौथा बाल्डविन महारोगी होता. मग त्याला गादीवर बसवलेच कसे? तो चांदीचा मुखवटा घालायचा का?

मुखवटा सिनेमातला. समकालीन लेखनात त्याचा मागमूस नाही.

रोगाचा सुगावा लागला तो खेळात. सरदारांची पोरे एकमेकांच्या दंडाला नखांनी चिमटे काढत होती. बाकीचे कळवळायचे, हा नऊएक वर्षांचा राजपुत्र मात्र ढिम्म. त्याचे गुरू विल्यम (पुढे टायरचे आर्चबिशप) यांना आधी वाटले, पोरगा भलताच सोशिक आहे. मग हात तपासला तर उजवा हात जवळपास निम्मा बधिर. ही हकिकत विल्यमनेच लिहून ठेवली आहे. वाचताना त्यात इतिहासकारापेक्षा हळहळणारा मास्तरच जास्त दिसतो.

११७४च्या जुलैत बाप अमाल्रिक वारला, तेव्हा मुलगा १३ वर्षांचा होता. दुसरा मुलगा नव्हता. थोरली बहीण सिबिला होती, पण तिचे लग्न व्हायचे होते. तिला गादी देणे म्हणजे अजून न ठरलेल्या जावयाला गादी देणे, आणि त्यावरून सरदारांत जुंपली असती. रोगाबद्दल कुजबुज होती, पण अजून उघड कोणी बोलत नव्हते. चार दिवसांत राज्याभिषेक उरकला.

हा राजा नुसता नावाचा नव्हता. ११७७च्या नोव्हेंबरात माँजिसार्डला त्याच्या सैन्याने इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीनला पळवून लावले, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. ११८३ साली दृष्टी गेलेली, हातपाय निकामी, तरी केराक किल्ल्याचा वेढा उठवायला तो डोलीतून निघाला. त्याआधीच मेहुणा (सिबिलाचा नवरा) गी द ल्युसिन्याँकडून कारभार काढून घेऊन त्याने पाच वर्षांच्या भाच्याला मुकुट घातला होता. तो ११८५ मध्ये गेला, चोविशीही धड न ओलांडता.

प्रश्न : जेरुसलेमचा पहिला क्रुसेडर शासक गॉडफ्रे याने राजा व्हायला नकार दिला, हे खरे?

हो, राजा हा किताब त्याने घेतला नाही. सत्ता मात्र घेतली. वर्षभरात, जुलै ११०० मध्ये तो वारला. धाकट्या भावाला असला संकोच नव्हता. त्याच नाताळात त्याने बेथलेहेमला मुकुट चढवून घेतला आणि तो पहिला बाल्डविन झाला.

प्रश्न : या राजांना सैन्यासाठी पैसा कसा पुरायचा?

पुरत नव्हता. जकात होती, शेतसारा होता, युरोपातून देणग्या यायच्या, तरी शिपायांचे पगार थकलेलेच.

मग काय युक्त्या चालायच्या, त्याची एक गोष्ट. पुढे जेरुसलेमचा राजा झालेला दुसरा बाल्डविन तेव्हा राजा नव्हता, एडेसा या दुसऱ्या क्रुसेडर राज्याचा काउंट होता. त्याचा सासरा म्हणजे मेलितेनेचा गॅब्रिएल, आर्मेनियन आणि गडगंज. विल्यम सांगतो त्याप्रमाणे जावयाने शिपायांशी आधी संगनमत केले. सासऱ्यासमोर ते पगार मागायला आले, आणि पैसे न दिल्यास दाढी काढून देण्याचा करार झाल्याचे सांगितले. सासऱ्याने कपाळावर हात मारला. पूर्वेकडच्या त्या समाजात दाढीचा केस उपटणे हा मोठा अपमान. दाढी गेलेल्या जावयाला घेऊन चारचौघांत मिरवायचे कसे? पुन्हा असला करार करणार नाही, या वचनावर त्याने ३०,००० सोन्याची नाणी मोजली. विल्यमने हे बऱ्याच दशकांनी लिहिले, म्हणून थोडे मीठमसाल्यासह घ्यावे. पण या परक्या क्रुसेडरांना तिथले देशी रीतीरिवाज किती लवकर उमगले, आणि किती लवकर वापरता आले, एवढे त्यातून नक्की कळते.

प्रश्न : राण्या नुसत्या शोभेच्या होत्या का?

याच बाल्डविनला चार मुली, मुलगा नाही. मरताना, ११३१ मध्ये, त्याने राज्य एकट्या जावयाला दिले नाही. थोरली मेलिसांद, तिचा नवरा फुल्क आणि तान्हा नातू अशा तिघांना मिळून दिले. फुल्कने बायकोला बाजूला सारायचा प्रयत्न करून पाहिला. तिच्या बाजूचा मानला जाणारा जाफाचा सरदार ह्यू बंडखोर ठरला, आणि पुढे जेरुसलेमच्या रस्त्यावर फासे खेळत बसला असताना त्याला एकाने भोसकले. तो वाचला, पण संशय राजावर गेला आणि वारे फिरले. त्यानंतर फुल्क राणीला विचारल्याशिवाय बारीकसारीक गोष्टही करेना.

११४३ मध्ये सशाच्या मागे घोडा फेकताना फुल्क पडून मेला. मेलिसांदने मुलगा वयात आल्यावरही कारभार सोडला नाही. ११५२ मध्ये त्याने सैन्य आणून आईला दाविदाच्या बुरुजात कोंडले, तेव्हा कुठे ती नाब्लुसला गेली. त्यानंतरही तिचा सल्ला घेतला जात होताच.

प्रश्न : हत्तीनच्या लढाईनंतर सलाउद्दीनने क्रुसेडर सरदार रेनॉल्डला स्वतः मारले का?

हो. जुलै ११८७, क्रुसेडरांचा पराभव, रणरणते ऊन, तहानेने व्याकूळ कैदी. सलाउद्दीनने एव्हाना राजा झालेल्या गीला थंड पाणी दिले, गीने पिऊन प्याला रेनॉल्डकडे सरकवला. कैद करणाऱ्याच्या हातचे पाणी प्यायले की जीव वाचतो, असा तिथला रिवाज. सलाउद्दीनने लगेच स्पष्ट केले की हे पाणी त्याने दिलेले नाही. तह मोडून काफिले लुटणाऱ्या रेनॉल्डला मारण्याची शपथ त्याने आधीच घेतली होती, ती त्याने तिथेच पुरी केली.

गी सुटला. त्याने पुढे सायप्रस विकत घेतले. हेच बेट रेनॉल्डने ११५६ साली धुऊन काढले होते. तिथे ल्युसिन्याँ घराण्याने जवळपास ३०० वर्षे राज्य केले.