वाचकांचे प्रश्न: खेळातली शहरं कुठल्या मातीची?

मागच्या अंकात व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक नगरांवर लिहिलं आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाककडून पत्रं येऊ लागली. गेमसाठी रस्ते, भिंती, दारं, छपरं उभी करणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे ही पत्रं वाचताना फार आनंद झाला. जागेअभावी निवडक प्रश्नच घेतले आहेत.

अक्का, ‘द विचर ३’मधलं नोविग्राड खरोखर कुठं आहे काय? माझा भाऊ म्हणतो, सगळं मनानं रचलेलं असतंय.
– बारावीचा विद्यार्थी, खानापूर

भावाचं अर्धं बरोबर आहे. नोविग्राडचा नकाशा रचलेला, पण त्याच्या विटा खऱ्या आहेत. २०१५ साली आलेला हा गेम पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या वॉर्सातल्या कंपनीनं केला. त्या देशाच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी ग्दान्स्क नावाचं जुनं बंदर आहे. उंच, अरुंद, वर निमुळती होत गेलेली घरं आणि लाल विटांची भलीमोठी चर्च. नोविग्राडच्या बंदरात हिंडताना हेच ग्दान्स्क आठवत राहतं. आता विटाच का, ते बघ. बाल्टिककाठचा तो मुलूख सखल. बांधकामाचा चांगला दगड तिथं दुर्मिळ, माती मात्र मुबलक. म्हणून चर्चपासून वेशीपर्यंत सगळं विटांत बांधलं गेलं. तुमच्या खानापुरात कुदळ मारली की जांभा लागतो, म्हणून जुन्या घरांची भिंत जांभ्याची. आणि कुंभारांची माती चांगली, म्हणून वर कौलं.

ग्दान्स्कच्या धक्क्यावर १५व्या शतकातली एक लाकडी क्रेन आहे, तिचे फोटो जरूर शोध. दोन बाजूंना विटांचे गोल बुरूज, मधोमध पाण्यावर झुकलेला काळपट लाकडी डोलारा. आत माणसाच्या दुपटीहून उंच चाकं आहेत. त्या चाकांच्या आत माणसं चालायची. त्यांच्या चालण्यानं चाक फिरायचं, दोर गुंडाळला जायचा आणि मालाची पिंपं वर यायची. जहाजांच्या डोलकाठ्याही याच क्रेननं उभ्या केल्या जात. हीच इमारत पाण्याच्या बाजूची वेसही होती. १९४५ साली युद्धात ती जळाली, नंतर पुन्हा उभारली. एवढ्या एका इमारतीवरून कळतं की हे गाव कशावर जगायचं, कुणाच्या पायांवर जगायचं आणि कुणाला घाबरायचं. मी नवीन शहर करायला घेते तेव्हा आधी अशी एक इमारत शोधते. ती सापडली की बाकीच्या गल्ल्या आपोआप सुचत जातात.

याच गेमच्या ‘ब्लड अँड वाइन’ या २०१६च्या पुरवणीत दक्षिण फ्रान्स आणि इटलीकडचे द्राक्षमळे, किल्ले आहेत. देखणे आहेत, पण माझा जीव नोविग्राडवर.

नातू ‘डिसऑनर्ड’ नावाचा खेळ खेळतो. त्यातलं धुरकट, यंत्रांचं शहर बघून मला आमची गिरणी आठवली. असं गाव कुणाला सुचलं असेल?
– निवृत्त गिरणी कामगार, गोकाक फॉल्स

काका, तुमच्या पत्रानं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. तुम्ही जे ओळखलंत ते नेमकं आहे.

२०१२चा हा गेम फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या आर्केन स्टुडिओचा. आधी तो मध्ययुगीन जपानमध्ये घडवायचा बेत होता. मग १६६६चं लंडन ठरलं, म्हणजे प्लेगच्या सावटातलं आणि मोठ्या आगीचं लंडन. शेवटी १९व्या शतकातलं लंडन आणि एडिंबरा डोळ्यांपुढे ठेवून डनवॉल नावाचं काल्पनिक शहर उभं राहिलं. त्याचं रूप ठरवणाऱ्यांत व्हिक्टर अँटोनोव्ह हा कलाकार होता. त्याचा जन्म बल्गेरियातल्या सोफियाचा. २००४च्या ‘हाफ-लाइफ २’मधलं ‘सिटी १७’ हे पूर्व युरोपचा चेहरा असलेलं शहरही त्याच्याच हातचं.

डनवॉल व्हेल माशाच्या तेलावर चालतं. दिवे, दारं, पहारेकऱ्यांची यंत्रं, सगळ्याला तेच तेल लागतं. १८व्या-१९व्या शतकात युरोप-अमेरिकेत व्हेलच्या तेलावर खरोखर दिवे जळत. गेमवाल्यांनी तो धागा पकडून पुढे ताणला. मग तेल आलं म्हणजे व्हेल मारणारी जहाजं आली, मासा कापायचे कारखाने आले, त्यात राबणारी माणसं आली, आणि तेलावर गब्बर झालेल्यांच्या हवेल्या आल्या. शहराचा प्रत्येक कोपरा त्या तेलाशी कुठेतरी बांधलेला आहे.

तुमच्याकडे घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. ते पाणी नसतं तर गिरणी त्या कड्याशी उभी राहिली नसती. गिरणी नसती तर वसाहत, चाळी, भोंगा, पाळ्या यांपैकी काहीच नसतं. दरीवरचा झुलता पूलही लोकांना पलीकडे जायचं होतं म्हणूनच आहे. डनवॉल करणाऱ्यांनी जो विचार कागदावर केला तो तुम्ही अख्खं आयुष्य अंगावर काढलात. माझी एक विनंती आहे. नातवाला शेजारी बसवून सांगा: कापूस कुठून यायचा, सूत कुठे जायचं, पाळी सुटली की कुठल्या वाटेनं गर्दी बाहेर पडायची, साहेबाचं घर वाऱ्याच्या कुठल्या बाजूला होतं. हे लिहून ठेवलं तर एका गेमचं शहर त्यातून उभं राहील, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगते.

माझा मुलगा ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ खेळून म्हणतो, बेलूर-हळेबीड बघून झालं. त्यात दाखवलंय ते कितपत खरं?
– गृहिणी, निपाणी

ताई, बीज खरं आहे, झाड कल्पनेतलं आहे. २०१७चा हा गेम कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग कंपनीचा. गणेशाचा दात शोधायला दोघी जणी पश्चिम घाटात शिरतात आणि होयसळांची हरवलेली नगरं त्यांना सापडतात, अशी गोष्ट. आपल्या कर्नाटकातलं एक राजघराणं जगभरच्या पडद्यांवर गेलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण मुलाला हासन जिल्ह्यात न्याच. गेममध्ये धबधब्यांमधून डोंगराएवढ्या मूर्ती उभ्या आहेत. होयसळांचं खरं वैभव याच्या बरोबर उलट दिशेला आहे. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७चं. ते फार उंच नाही, चांदणीसारख्या कोनांच्या जोत्यावर बसलेलं. तिथला दगड खाणीतून काढताना मऊ असतो, नंतर कडक होतो. त्यामुळे कारागिरानं नर्तकीच्या गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी सुटा कोरला. हे बघायला मान वर करावी लागत नाही, नाक भिंतीजवळ न्यावं लागतं. गेममध्ये धावत-उड्या मारत जायचं असतं, म्हणून तिथं सगळं अवाढव्य करावं लागलं. खेळाची ती गरज आहे आणि मी त्याला दोष देत नाही. २०२३ साली बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर या तीन ठिकाणांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आणि हासन लांब वाटलं तर आधी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, दाखवा. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ची. मंडपात उभं राहून वर पाहिलं की छतातून दगडी कमळ खाली उतरलेलं दिसतं. ते एका बाजूनं बघून भागत नाही. पाकळ्यांच्या कडांवर दारातून येणारा उजेड पडतो आणि आतल्या बाजूला अंधार साठतो, त्यामुळे आपण चार पावलं सरकलो की कमळ वेगळं दिसतं. मुलाला म्हणावं, हे गेममध्ये करायचं तर दिवा कुठे ठेवशील?

‘फायनल फँटसी १५’मधली शहरं ओळखीची वाटतात. बरोबर?
– दुकानदार, चिकोडी

बरोबर. पाण्यावरचं अल्टिसिया व्हेनिसवरून, लेस्टॅलम क्यूबाच्या हवानावरून, राजधानी इन्सोम्निया टोकियोच्या शिंजुकू भागावरून घेतलेली. तुम्हाला दाटीवाटीच्या वस्त्या आवडत असतील तर ‘स्ट्रे’ हा २०२२चा गेम बघा. त्यातल्या शहरामागे हाँगकाँगची कौलून वॉल्ड सिटी आहे. जेमतेम अडीच हेक्टरांत हजारो माणसं राहत होती; १९९३-९४मध्ये ती वस्ती पाडली.

ताई, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मधल्या सुमेरूचा मला राग येतो. भारत, इराण, इजिप्त सगळं एकत्र कालवलंय. हे चालतं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

राग रास्त आहे. सुमेरू हा त्या गेममधला प्रदेश २०२२च्या ऑगस्टमध्ये आला. एकीकडे घनदाट अरण्य, दुसरीकडे वाळवंट. अरण्याच्या बाजूला भारत-इराणचे रंग, वाळवंटात इजिप्त. तेव्हाच दक्षिण आणि पश्चिम आशियातल्या कितीतरी खेळाडूंनी तक्रार केली, की पोशाख, नावं, नाच आमचे घेतले, मग माणसं जवळजवळ सगळी गोरीच का? मला ती तक्रार शंभर टक्के पटते. हा गेम करणाऱ्या चिनी कंपनीनं त्यातलाच चीनवर बेतलेला लिउए हा प्रदेश किती मायेनं केला आहे बघ. तिथले डोंगर, चहाची दुकानं, सण, सगळं आपल्या घरचं असल्यासारखं. तशी माया सुमेरूच्या माणसांच्या वाट्याला आली नाही.

कालवण्याला मात्र माझी हरकत नाही. आपण सीमाभागातली माणसं. मी बेळगावच्या शहापूरची, गल्लीत मराठी बोलले, बाजारात कन्नड, आणि दोन्हींत माझं घर आहे. किल्ल्यातच बघ: वेशीशी दुर्गेचं देऊळ, आत १२०४ची बसदी, पुढे १५१९ची आसदखानाची सफा मशीद. हे एकत्र आहे, पण एका दिवसात कालवलेलं नाही. एक राजवट गेली, दुसरी आली, कुणी ठेवलं, कुणी वर चढवलं. चालताना आधीचं काय आणि नंतरचं काय ते आपल्याला जाणवतं. काल्पनिक शहरानं तीन संस्कृती जरूर घ्याव्यात, पण त्या एकमेकींना कुठे भेटल्या, कशासाठी भेटल्या, कोण आधी होतं, हे दगडांत दिसू द्यावं. ‘फायनल फँटसी १४’मधलं २०२१चं राड्झ-अॅट-हान मला म्हणूनच जास्त आवडतं. तेही भारत आणि पश्चिम आशिया मिळूनच झालेलं आहे, पण ते रसायनविद्येवर जगणारं व्यापारी गाव आहे, त्यामुळे तिथल्या रंगांच्या उधळणीला धंद्याचा आधार आहे.

मला बेळगाव आणि राजहंसगडावरून काल्पनिक नगर करायचंय. संगणक साधाच आहे. सुरुवात कुठून करू?
– तरुण वाचक, येळ्ळूर

पायांनी सुरुवात कर. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या झेल्डा मालिकेतल्या गेमचा दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचा. गेमचं जग केवढं हवं हे कळेना तेव्हा त्यानं क्योटोचा नकाशा त्या जगावर ठेवला. इथून तिथं चालायला किती वेळ लागतो हे त्याच्या अंगवळणी होतं, त्यावरून त्यानं अंतरं बसवली. तू किल्ल्याच्या खंदकापासून गणपत गल्लीपर्यंत चाल आणि वहीत लिही: किती पावलांनी वळण येतं, कुठे आवाज वाढतो, कुठे वास बदलतो. गड पहिल्यांदा कुठून दिसतो आणि कुठल्या वळणावर दिसेनासा होतो, हेही टीप. खेळाडूला तोच दिशा देणार आहे.

मग पाऊस बघ. माझं आजोळ नंदगडचं. तिथं पावसाळ्यात पागोळ्या पडून पडून अंगणात छपराच्या कडेनं खळग्यांची सरळ रांग उठायची, आणि माती वाहून जाऊ नये म्हणून आजी त्या रांगेत सपाट दगड मांडायची. वळचणीला सरपण, त्याच्या आडोशाला कोंबड्या. एवढं रेखाटलंस तर छप्पर, पाऊस, माती आणि घरातली बाई, सगळं न बोलता आलं. कमानी आणि कळस इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. हे मिळत नाही.

तिसरं, खानापूरच्या एखाद्या कुंभाराकडे जाऊन बस. त्याच झेल्डा गेममधली प्राचीन यंत्रं आणि देवळं जपानच्या जोमोन काळातल्या मडक्यांवरून सुचली आहेत. हजारो वर्षांपूर्वीची ती मडकी, दोर दाबून उठवलेली नक्षी आणि ज्वाळेसारखे काठ. त्यांतून त्यांनी कुणी न पाहिलेलं यंत्रयुग काढलं. चाकावर हात कसा सरकतो, बोटाची रेघ कुठे राहते, ते बघ. तुझ्या नगराचे बुरूज त्या रेघांतून येऊ शकतात.

हे आपल्याकडं होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला ‘राजी’ हा गेम दाखव. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये केला. वाड्या-महालांची घडण राजस्थानी, रंग पहाडी लघुचित्रांचे, आणि गोष्ट सांगायला बाहुल्यांच्या सावल्या. छोटा गट, पण बघितलेलं नीट पचवलेलं आहे.

ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या संगणकावर छोटं मॉडेल चालतं. तरी आधी कागदावरच नकाशा कर. पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं, ही रेघ सगळ्यात पहिली ओढ. बाजार त्यानंतर, राजवाडा शेवटी. झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठव. पुढच्या अंकात तो छापून, मी त्यात कुठली गल्ली हलवली असती ते शेजारी लिहीन.