वाचकांचे प्रश्न : एकाच मुलाचे किती स्वभाव?

प्रश्न : सातवीतला एक मुलगा घटक चाचणीत कॉपी करताना सापडला. त्याच मुलाने महिन्यापूर्वी मैदानात सापडलेली 500 रुपयांची नोट ऑफिसात आणून दिली होती. त्याच्या नावापुढे ‘प्रामाणिकपणा’च्या रकान्यात काय लिहायचं? यातला खरा कोणता? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : दोन्ही खरे. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांच्या वागण्याच्या कसोट्या घेतल्या. त्या अभ्यासाचे खंड 1928 ते 1930 या काळात निघाले. मुलांना आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायला द्यायची, खेळातले गुण स्वतः मांडायला सांगायचे, नाणी हाताळायला द्यायची. लबाडीला वाव दिसत होता, पण ती नंतर मोजली जाणार आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं. एका कसोटीतल्या आणि दुसऱ्या कसोटीतल्या वागण्याचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पुरा मेळ) सरासरी 0.23 निघाला. त्याचा वर्ग सुमारे 0.05. म्हणजे परीक्षेत कोण कसं वागलं हे कळलं, तरी पैशाच्या बाबतीत मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम 5 टक्के उलगडतो.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ‘चारित्र्य वगैरे काही नसतं’ असं म्हणून मोकळे होतात. ते घाईचं आहे. 0.23 हा एका प्रसंगाचा दुसऱ्या एकाच प्रसंगाशी असलेला संबंध. वेगवेगळ्या 9 प्रसंगांची बेरीज घेतली आणि तशाच दुसऱ्या 9 प्रसंगांच्या बेरजेशी ताडून पाहिली, तर स्पिअरमन-ब्राउन सूत्राने (प्रसंग वाढवले की सहसंबंध किती वाढेल ते सांगणाऱ्या) हिशेब असा येतो : (9 × 0.23) ÷ (1 + 8 × 0.23), म्हणजे 2.07 ÷ 2.84, साधारण 0.73. हा आकडा चांगलाच मोठा आहे. एका प्रसंगावरून मूल कळत नाही, पण नऊ-दहा प्रसंगांवरून बरंच कळतं.

म्हणून रकान्यात विशेषण लिहिण्याआधी वहीचं एक पान त्या मुलासाठी ठेवा. चार रकाने पाडा : तारीख, प्रसंग, समोर कोण होतं, त्याने नेमकं काय केलं. सत्रात किमान आठ-दहा नोंदी हव्यात, आणि त्याही वेगवेगळ्या जागच्या : परीक्षा, पैसे, खेळ, गटकाम, उशीर झाल्यावर दिलेली कारणं. यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. वाईट वागलं तेवढंच लिहिलं जातं. सगळ्या नोंदी परीक्षेच्याच असतात, मग पान प्रामाणिकपणाऐवजी मार्कांच्या धास्तीबद्दल बोलायला लागतं. आणि चौथ्या रकान्यात ‘शेजारच्याचं उत्तर उतरवलं’ असं लिहायच्या जागी ‘खोटारडेपणा केला’ असं लिहिलं जातं. ही तिसरी चूक सगळ्यांत वाईट, कारण निकाल आधी लागतो आणि पुढच्या नोंदी त्याला साजेशाच सुचतात.

पान भरलं की ‘असं झालं की तो असं करतो’ या साच्यात ते वाचा. युइची शोडा, वॉल्टर मिशेल आणि जॅक राइट यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांची दीर्घकाळ नोंद ठेवली होती; ती 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्यांनी दटावलं की बिथरणारं मूल वेगळं, बरोबरीच्यांनी चिडवलं की बिथरणारं वेगळं, आणि प्रत्येकाचा हा ढाचा बऱ्यापैकी टिकून होता. तुमच्या विद्यार्थ्याबद्दल कदाचित असं लिहिता येईल : ‘पैशाच्या बाबतीत चोख, मार्क जातील अशी भीती वाटली की नक्कल करतो.’ पालकांना या वाक्यावरून काहीतरी करता येईल. ‘अप्रामाणिक’ एवढ्यावरून काय करणार?

प्रश्न : मग अ‍ॅरिस्टॉटलचं सद्गुणांचं नीतिशास्त्र (माणूस चांगला वागतो तो अंगी बाणलेल्या गुणांमुळे, हा विचार) कोसळलं म्हणायचं का? (तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तत्त्वज्ञ गिल्बर्ट हार्मन यांनी 1999 मध्ये आणि जॉन डोरिस यांनी 2002 मध्ये जवळपास तसाच दावा केला. त्यांच्या बाजूचा गाजलेला पुरावा म्हणजे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा 1973 चा प्रिन्स्टनचा प्रयोग. धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय बायबलमधल्या भल्या शोमरोन्याचा दृष्टांत, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याचीच गोष्ट. वाटेवर दारात एक माणूस मान टाकून खोकत, कण्हत बसलेला. घाई नव्हती त्यांच्यातल्या 63 टक्क्यांनी मदत केली, मध्यम घाईतल्या 45 टक्क्यांनी, आणि ‘उशीर झालाय’ असं सांगून पिटाळलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आकडे बोचतात, पण त्यांचा अर्थ जपून लावा. गट लहान होते. शिवाय न थांबलेल्यांपैकी काही जण पोहोचले ते अस्वस्थ होऊन, हे संशोधकांनीच नोंदवलंय. पलीकडे कोणीतरी आपल्यासाठी खोळंबलंय, हेही कर्तव्यच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. दोन कर्तव्यांतलं मोठं कोणतं, हे घाईत त्यांना दिसलं नाही. प्रसंगातलं महत्त्वाचं काय ते नेमकं दिसणं, यालाच अ‍ॅरिस्टॉटल व्यवहारी शहाणपण म्हणतो, आणि त्याच्यावाचून सद्गुण पुरा होत नाही असंही म्हणतो. तेव्हा प्रयोगाने मोडीत निघते ती ‘एकदा गुण अंगी बाणला की तो कुठेही आपोआप चालतो’ ही ढोबळ कल्पना.

‘खरा सद्गुण दुर्मीळच असतो’ हे सद्गुणांची बाजू घेणाऱ्यांचं उत्तर मात्र आम्हाला पुरेसं वाटत नाही. तेवढ्यावर भागवलं तर उरलेल्या आपल्यासारख्यांना नीतिशास्त्र काय देणार? न्यायाची कामं करून माणूस न्यायी होतो, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो; मग कोणती कामं, किती वेळा, कुठल्या परिस्थितीत, हे सांगायला मानसशास्त्र लागतंच. एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम यांनी 1958 मध्येच बजावलं होतं की मनाचं नीट तत्त्वज्ञान हाती येईपर्यंत नीतिशास्त्र बाजूला ठेवावं. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर इथे खूप काम पडलंय.

प्रश्न : फोन बूथमध्ये नाणं सापडलं की लोक परोपकारी होतात, असा प्रयोग वाचला. खरा आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : प्रयोग झाला हे खरं. अ‍ॅलिस आयसेन आणि पॉला लेविन, 1972. नाणं सापडलेल्या 16 पैकी 14 जणांनी समोरच्या बाईचे सांडलेले कागद उचलायला मदत केली. न सापडलेल्या 25 पैकी फक्त एकाने. इतका प्रचंड फरक इतक्या छोट्या गटात दिसला की शंका घ्यावी. पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. वादात त्याचा आधार घेऊ नका.

प्रश्न : घरी वडील आजारी आहेत. तेच तेच विचारतात आणि मी खेकसतो. रोज ठरवतो, रोज मोडतं. (वाचक, ठाणे)

उत्तर : ‘शांत राहीन’ हा संकल्प प्रसंगाशी बांधलेला नाही, म्हणून ऐन वेळी आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ची रीत वापरा, 94 चाचण्यांच्या 2006 च्या एकत्रित आढाव्यात तिचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. आधी चार-पाच दिवस फक्त टिपून ठेवा : किती वाजता, कशाच्या मधे, कोणत्या प्रश्नावर तोंड सुटलं. बहुधा एक-दोनच वेळा पुन्हा पुन्हा येतील. समजा, ऑफिसातून आल्याआल्या. मग त्या एकाच वेळेसाठी एक वाक्य कागदावर लिहा : ‘मी दारातून आत आलो आणि बाबांनी औषधाचं विचारलं, तर आधी त्यांच्याशेजारी बसेन आणि मग उत्तर देईन.’ ‘तर’नंतर करायची कृती हवी. ‘खेकसणार नाही’ असं लिहिलंत तर खेकसणंच डोक्यात राहतं. एका वेळी एकच वाक्य. पाच लिहिलीत की एकही टिकत नाही. दोन आठवड्यांत काहीच बदललं नाही तर वाक्यातला ‘जर’ तपासा, कारण बहुतेकदा तोच चुकलेला असतो : राग प्रश्नाचा नसतो, भुकेचा असतो. तसं असेल तर आधी चहा-पोहे घ्या आणि मग बाबांजवळ बसा.