पगाराचा विषय काढताना

अगं, नवऱ्याच्या पगारावरून तुमची भांडणं होतात म्हणालीस, पण लग्नाला जेमतेम 8 महिने झालेत, इतक्यात खचू नकोस. आमच्या 19 वर्षांत हा विषय कितीदा पेटला. सध्या एवढंच सांभाळ.

हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कोथरूडला येऊन तो दारात बूट काढतोय, तेवढ्यात "अप्रेझलचं काय झालं?" नको. मी हेच करायचे. हे न जेवता झोपायचे. त्यापेक्षा रविवारी चहा घेऊन दोघं बसा. भाडं, हप्ता, किराणा, दोन्हीकडच्या आईवडिलांचं औषधपाणी, सगळं एका वहीत उतरवा. मग भांडण 'तुझ्या पगारा'चं राहत नाही, महिन्याला कमी पडणाऱ्या 7,000 रुपयांचं होतं, आणि त्यावर दोघांना मिळून काहीतरी सुचतं.

मैत्रिणीच्या नवऱ्याचं पॅकेज घरात आणू नकोस. माहेरीही त्याच्या पगाराची चर्चा नको, ते फार लागतं. त्याला स्वतःला पुढे काय करायचंय, हे विचारलंयस का कधी? गुंतवणूक, फ्लॅट नंतर बघू.