ओ२ लावलं की उणे १२८ भागिले उणे १ चं उत्तर बदलतं. चूक माझी की कंपायलरची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंट८ प्रकारची (८ बिटांची, उणे १२८ ते १२७) दोन व्हेरिएबल, एकात उणे १२८, दुसऱ्यात उणे १. भागाकार साध्या इंटमध्ये घेतला की ओ० वर, म्हणजे कंपायलर कोड वेगवान करायला जात नाही तेव्हा, १२८ येतो आणि ओ२ वर, म्हणजे वेगासाठी कोड बदलतो तेव्हा, उणे १२८. ऑफिसात सगळे म्हणतात, "कंपायलर कधी चुकत नसतो, तुझाच कोड बघ."

या वेळी चुकलाय. इतकं ठामपणे सांगतोय कारण नेमकी हीच चूक मी केलेली आहे, आणि तीही कंपायलरच्या बाजूला बसून. महाप्याला आमचं ऑफिस आहे, तिथे एका छोट्या चिपसाठी एलएलव्हीएमवर (कंपायलर बांधायचा तयार साचा) उभा केलेला कंपायलर आम्ही सांभाळतो. त्यातला एक पास, म्हणजे कोड तपासून बदलणारा एक टप्पा, माझा.

आधी तुमची बाजू मोकळी करू. सीमध्ये इंट८ आणि इंट१६ हे साठवण्यापुरतेच लहान. गणिताची वेळ आली की दोन्ही संख्या आधी इंट होतात. इंटिजर प्रमोशन म्हणतात ते हेच. म्हणजे तुमचा भागाकार ३२ बिटांत व्हायला हवा, आणि तिथे १२८ आरामात मावतो. अनडिफाइन्ड बिहेवियरचा, म्हणजे काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही अशा कोडचा, संबंधच नाही. तुम्ही इंटमधल्या सगळ्यात लहान संख्येला, म्हणजे उणे २,१४,७४,८३,६४८ ला, उणे १ ने भागलं असतं तर मात्र मी तुमच्या ऑफिसवाल्यांच्या बाजूने बोललो असतो. (इंट८ ऐवजी नुसता कॅर वापरला नाहीत हेही बरं केलंत. तो एक्स८६ वर (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) साइन्ड, म्हणजे उणे संख्या धरणारा, असतो आणि आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर अनसाइन्ड, आणि मग भांडण भलतीकडेच जातं.)

आता माझं पाप. ३२ बिटांचा भागाकार आमच्या चिपवर फार महाग, ८ बिटांचा स्वस्त. म्हणून मी पासमध्ये लिहिलं: भाज्य आणि भाजक दोन्ही उणे १२८ ते १२७ मध्ये असतील तर भागाकार ८ बिटांत करा, उत्तर परत ३२ बिटांत पसरवा. वाचायला किती निर्दोष वाटतं! भागाकार भाज्यापेक्षा मोठा कसा होईल, हे तर आपण शाळेतच शिकलेलो. पण उणे बाजूला एक संख्या जास्त आहे. उणे १२८ आहे, अधिक १२८ नाही. शून्य भाजक सोडला तर ८ बिटांच्या एकूण ६५,२८० जोड्या होतात, आणि त्यातली एकच जोडी फुटते. तुमच्या प्रश्नातली.

टेस्ट होत्या, दोनशेच्या वर. एकीनेही पकडलं नाही, आणि त्याचं कारण मला चुकीपेक्षा जास्त लागलं. प्रत्येक टेस्टमध्ये मी उत्तर पुन्हा इंट८ मध्येच ठेवत होतो. १२८ ला ८ बिटांत कोंबलं की जीसीसी, क्लँग सगळीकडे उणे १२८ च होतात. आमची चिपही ओव्हरफ्लो झाला तर न कुरकुरता उणे १२८ देते. चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर, दोन्ही सारखी! सगळं हिरवंगार. तोच पास एक्स८६ साठी लावून बघितला तेव्हा प्रोग्रॅम थेट मेला, कारण तिथे भागाकार मावला नाही की प्रोसेसरच अपवाद टाकतो. लिनक्सवर संदेश मात्र "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन". कोडमध्ये दशांश चिन्हसुद्धा नव्हतं.

तुमच्या कंपायलरमध्येही असंच होतंय का हे बघायचं असेल तर आधी कोड सहा-सात ओळींवर आणा. दोन्ही संख्या व्होलाटाइल ठेवा, नाहीतर कंपायलर उत्तर स्वतःच आधी काढून टाकेल आणि ते बहुतेक बरोबर निघेल. तुमचाही एलएलव्हीएमवरचा असेल तर ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट या पर्यायाचा (पहिले किती पास चालवायचे) आकडा निम्मा-निम्मा करत जा. कितव्या पासला उत्तर फिरतं ते दहा-बारा फेऱ्यांत कळतं. मग त्या पासच्या आधीचा आणि नंतरचा आयआर (कंपायलरच्या आतली मधली भाषा) शेजारी शेजारी ठेवा. ३२ बिटांचा भागाकार (आय३२ चा एसडिव्ह) ८ बिटांचा (आय८) झालेला दिसला की झालं.

दुरुस्तीत मी आधी घाई केली. "रुंदी ८ असेल आणि भाजक उणे १ असू शकत असेल तर हात लावू नका" अशी एक ओळ घातली आणि घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडली. दुसऱ्या दिवशी लीड मॅडमनी फक्त विचारलं, "अरे, आणि १६?" १६ बिटांतली सगळ्यात लहान संख्या, उणे ३२,७६८. तीच चूक, फक्त मोठ्या अंगात.

नीट दुरुस्ती अशी: भाज्य आणि भाजक दोघांना लागणारे कमीत कमी बिट मोजा. भाज्य त्या रुंदीतली सगळ्यात लहान संख्या असू शकतो आणि भाजक उणे १ असू शकतो, दोन्ही शक्यता खऱ्या असतील तर एक बिट वाढवा. ८ चे ९ होतात, ९ चे वर १६, आणि भागाकार १६ बिटांत. यातली एक जरी शक्यता रेंजवरून खोडता आली, समजा भाज्य ० ते १००, तर ८ बिट खुशाल वापरा. बाकी काढतानाही हाच नियम लावा. बाकी शून्य येते, ती कुठेही मावते, म्हणून मी ती वगळणार होतो. पण एक्स८६ वर भागाकार आणि बाकी एकाच सूचनेतून निघतात, आणि ती सूचना तिथेच फुटते. आयआरमध्येही त्या जोडीचा एसरेम (बाकी काढणारी सूचना) अनडिफाइन्डच आहे.

टेस्ट आता नमुन्यादाखल ठेवत नाही. ६५,२८० जोड्या म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, सगळ्या चालवतो, आणि उत्तर इंटमध्येच तपासतो. १६ बिटांच्या सुमारे ४२९ कोटी होतात, त्या रात्री लावून घरी येतो. बदललेला आयआर अलाइव्ह२ ला (बदलाने अर्थ बिघडला का ते तपासणारं साधन) दाखवला असता तर त्याने ही जोडी सेकंदात तोंडावर फेकली असती, पण तेव्हा मला ते वापरायची सवय नव्हती.

कंपायलरवाल्यांकडून नवी आवृत्ती येईपर्यंत भाजक उणे १ असेल तर भागू नका, शून्यातून भाज्य वजा करा; इंटमध्ये १२८ च येईल. ओ२ काढू नका, आणि कोणी एफ-रॅपव्ही (ओव्हरफ्लो झाला तर संख्या गुंडाळून घ्यायचा पर्याय) सुचवलं तर त्यावर विसंबू नका, चूक पासच्या रुंदी मोजण्यात आहे. तक्रार पाठवताना त्या सहा ओळी, आवृत्ती आणि दोन्ही आयआर जोडा. आमच्याकडे नुसतं "ओ२ चुकतं" असं लिहून आलेलं तिकीट तीन आठवडे पडून होतं, आणि ते माझ्याच नावावर होतं.