वाचक विचारतात : व्हॅक्यूम सीझनिंग

प्रश्न : साताऱ्यात आम्ही सव्वा इंची सागाच्या फळ्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये (हवा उपसून दाब कमी केलेल्या बंद पेटीत) वाळवतो. सेटिंग वसईच्या एका कारखान्याचे घेतले आहे : फळ्या तापवणारी प्लेट 65 अंश, व्हॅक्यूम गेज 600 मिमी (पारा). त्यांचा माल स्वच्छ निघतो, आमच्या फळ्यांना बारीक चिरा पडतात. पूर्ण व्हॅक्यूमलाही गेज 690 च्या पुढे जात नाही. पंप गेला का?

उत्तर : पंप ठणठणीत आहे, खोलू नका. गेज आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे तेवढेच दाखवते. समुद्रकाठी हवेचा दाब 760 मिमी. सातारा 700 मीटरच्या वर, तिथे तो साधारण 695. म्हणजे गेजवर 600 असताना वसईच्या चेंबरमध्ये 160 मिमी दाब उरतो आणि पाणी 61-62 अंशांना उकळते. तुमच्याकडे 95 च उरतो, पाणी 50 च्या आसपासच उकळते. प्लेट मात्र तीच, 65 ची! तिकडे फरक तीन-चार अंशांचा, तुमच्याकडे पंधराचा. वरचा थर झपाट्याने वाळून आकसतो, गाभा ओलाच असल्याने आकसत नाही. मग पृष्ठभाग फाटतो.

गेज 535 वर आणा. गाभ्याची ओल 25 टक्क्यांखाली गेल्यावरच टप्प्याटप्प्याने वाढवा. निरपेक्ष दाब, म्हणजे चेंबरमध्ये प्रत्यक्ष उरलेला दाब, दाखवणारे गेज बसवलेत तर हा हिशेबच उरणार नाही.

प्रश्न : दोन इंची शिसवाची ओल मीटर 9 टक्के दाखवतो, पण फळी जाडीतून उभी कापताना ब्लेड आवळते आणि दोन्ही भाग कापाच्या बाजूला वाकतात. (विटा)

उत्तर : मीटरच्या आखूड पिना वरच्या थराचीच ओल सांगतात. टोकापासून फूटभर सोडून फळीचा रुंदीभर, इंचभराचा आडवा तुकडा काढा. त्याचा मधला भाग असा कापून टाका की दोन जिभांचा चिमटा उरेल. जिभा लगेच आत वळल्या तर लाकडात ताण आहे. आधी सरळ राहून दुसऱ्या दिवशी वळल्या तर गाभा ओला आहे, माल अजून वाळवायचा. ताणावर इलाज वाफेचाच : शेवटी चेंबरची आर्द्रता इतकी वाढवा, की लाकूड तुमच्या लक्ष्यापेक्षा 3-4 टक्के जास्त ओलीवर स्थिरावू पाहील. घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

खरी ओल हवी तर गाभ्याचा तुकडा 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 240 ग्रॅमचा तुकडा 210 वर थांबला, तर गेलेले 30 ग्रॅम पाणी भागिले कोरडे वजन 210, म्हणजे ओल 14 टक्के. मीटर काहीही म्हणो.

प्रश्न : ओली तीन इंची बाभूळ थेट चेंबरमध्ये घालावी का? (मिरज)

उत्तर : नको. कापल्या कापल्या टोकांना मेण लावा, इंची पट्ट्या घालून सावलीत थप्पी रचा आणि ओल 30 टक्क्यांवर आली की चेंबरमध्ये घ्या. 60 वरून 30 वर येताना घनफुटामागे साधारण 6 लिटर पाणी फुकटात जाते. तेच चेंबरमध्ये काढायला नुसत्या उष्णतेचेच 4 युनिट लागतील, पंपाची वीज वेगळी.