लॉरेन सिंगरसारख्या पर्यावरण कार्यकर्तीने धंदा काढला तर ती चळवळीशी गद्दारी नाही का? आणि छोट्या शहरात असं दुकान काढायला भांडवल किती लागतं?

‘गद्दारी’ वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. भांडवलाचं शेवटी बघू.

लॉरेनचा तो बरणीचा फोटो तुम्ही पाहिला असेलच, कित्येक वर्षांचा कचरा एका काचेच्या बरणीत मावलेला. तो मला कधीच पटला नाही. माल दुकानात यायच्या आधी जो कचरा होतो तो कुणाच्या बरणीत? पण बरणी सोडा, बाईचा धंदा बघा. न्यूयॉर्क विद्यापीठात पर्यावरण शिकत होती, तेल-वायू कंपन्यांविरुद्ध निदर्शनं करत होती आणि घरी फ्रिज उघडला तर आत सगळं प्लास्टिकात गुंडाळलेलं. २०१२ मध्ये तिने त्यावर लिहायला सुरुवात केली. पुढे शहराच्या पर्यावरण खात्यातली नोकरी सोडून कपडे धुण्याची पावडर विकायला काढली. त्यात तीनच जिन्नस: धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि वनस्पती तेलाचा कॅस्टिल साबण. लोकांकडे १० हजार डॉलर मागितले, ४० हजारांच्या वर जमले. २०१७ मध्ये ब्रुकलिनमध्ये ‘पॅकेज फ्री’ दुकान, २०१९ मध्ये गुंतवणूकदारांचे ४५ लाख डॉलर.

या शेवटच्या आकड्यापाशी मीही अडखळते. गुंतवणूकदाराला दरवर्षी विक्री वाढलेली हवी असते, आणि ‘कमी विकत घ्या’ सांगणाऱ्या दुकानाने ती वाढवायची कशी? हा आक्षेप घ्या ना, खुशाल घ्या. पण गद्दारी म्हणायला तिने तेल कंपनीची एजन्सी घेतली होती का? पावडर विकली.

हेच आमच्याकडे झालं म्हणून एवढी चिडले आहे. मी कोल्हापूरची. विसर्जनाच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या पोरांपोरींत मी कॉलेजपासून होते. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लोकांची बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा चळवळ म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. आमच्या गटात एक ज्येष्ठ होते, सगळे त्यांना सर म्हणायचो. बँकेतून निवृत्त, भाषण उत्तम. मी राजारामपुरीत छोटा गाळा भाड्याने घेतला, सुटा माल ठेवला: रिठ्याची भांड्यांची पावडर, शिकेकाई, कपड्यांची पावडर, जुन्या साड्यांच्या पिशव्या, कापडी पॅड. डबा आणा, भरून न्या. पुढच्याच बैठकीत सर सगळ्यांदेखत म्हणाले, “चळवळीचं दुकान मांडलंस होय गं?” लोक हसले. मी तेव्हा गप्प बसले, कारण ते माझ्या वडिलांच्या वयाचे. आता बसत नाही.

सरांचं म्हणणं असं की हे सगळं लोकांना घरी करायला शिकवायचं, फुकट. रिठे काय, रात्री भिजत घातले की झालं! सरांच्या घरी रिठे कोण भिजवायचं, बिया कोण काढायचं, कोण कुस्करून गाळायचं? काकू. आणि तो काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणजे पुन्हा काकू. त्यांना या कामाचं कधी कुणी विचारलं नाही, पैसे तर लांबच. ‘आपली आजी हे सगळं करतच होती’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, आजीला दुसरं काही करायचं होतं का? माझ्याकडे पिशव्या शिवणाऱ्या दोघीजणी नगावर पैसे घ्यायच्या, शनिवारी रोख. पिशवीचे ६० रुपये ऐकून नाक मुरडणारे गटातच जास्त निघाले. कापड जुनं म्हणून शिलाईही फुकट पाहिजे यांना. पेन्शनीवर चळवळ करणं सोपं असतं हो, महिन्याच्या १ तारखेला पैसे येतात.

दुकानाने मला जे शिकवलं ते बैठकीत कधीच कळलं नसतं. भांड्यांची पावडर एका डॉक्टरबाईंनी मोठ्या हौसेने नेली आणि आठवड्याभरात डबा परत आला. त्यांच्या मावशींनी हात लावायला नकार दिला होता. मी सरळ त्या मावशींना गाठलं. म्हणाल्या, “फेस न्हाई, तेलकट कढईला दोनदा घासाय लागतंय, आणि ह्यातल्या सोड्यानं बोटं फाटल्यात. तुमी घासून बगा की.” लॉरेनची पावडर मशीनमध्ये पडते, मशीनला बोटं नसतात! आपल्याकडे विकत घेणारी एक आणि घासणारी दुसरी. मग मी लक्ष्मीपुरीतून धुण्याचा सोडा आणणं कमी केलं, रिठा बारीक दळून वाढवला, थोडी शिकेकाई घातली, आणि नवीन माल आधी मावशींकडे, मग बाईंकडे असा नेम केला. फेस कमीच राहिला, पण बोटं वाचली आणि गिऱ्हाईक टिकलं. सरांच्या एकाही भाषणात भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांचा उल्लेख मी ऐकलेला नाही. पैसे घेऊन वस्तू दिली म्हणून तिला परत करता आली आणि मला कारण कळलं. फुकट दिली असती तर ती कपाटात तशीच पडली असती आणि आम्ही अहवालात लिहिलं असतं, इतक्या घरांपर्यंत पोचलो.

आता तुमचं. कायद्याच्या भीतीवर धंदा उभारू नका. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, पहिल्या खेपेलाच ५ हजार दंड, त्या पावसाळ्यात माझ्याकडे पिशव्या पुरत नव्हत्या. दिवाळीपर्यंत भाजीवाल्यांकडे पातळ पिशव्या परत लटकायला लागल्या आणि माझा गठ्ठा तसाच. संपत जाणारी आणि पुन्हा लागणारी वस्तू ठेवा, म्हणजे पावडर, तेल, साबण. बांबूचे ब्रश दिसायला छान, पण त्यांचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, ते गिऱ्हाइकाला सांगूनच विका.

सुटं विकायचं तर काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. आधीच पुड्या बांधून ठेवल्यात तर त्यावर वजन, किंमत, तारीख, पत्ता, सगळं छापणं आलं. अंगाचा साबण किंवा शाम्पू स्वतः बनवून विकणार असाल तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादनाचा परवाना लागतो. घरात करून ओळखीत विकते, चालतं, असं सांगणाऱ्या भेटतील, त्यांचं ऐकू नका. भांड्यांची आणि कपड्यांची पावडर सौंदर्यप्रसाधनांत येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. खाण्याचं काही ठेवलंत तर त्याची नोंदणी निराळी.

भांडवलाचा आकडा मी देणार नाही, गाळ्याचं डिपॉझिट गावागणिक, अगदी गल्लीगणिक बदलतं. मालापेक्षा भाडं जड जातं एवढं धरून चाला आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय कुलूप उघडू नका. स्टीलच्या मोठ्या कोठ्या नव्या घेऊ नका, मोडीत निघालेल्या किराणा दुकानांतल्या मिळतात.

एक सांगायला हवं. सुरुवातीला गाळ्याचं भाडं माझ्या नवऱ्याच्या पगारातून जात होतं. म्हणजे सरांची पेन्शन तसा माझा नवरा, असं कुणी म्हणालंच तर ऐकून घेईन. फरक इतकाच की मी ते वहीत उसने म्हणून लिहिलं आणि फेडलं. शिवाय हे सगळं एका दुकानावरून बोलते आहे, पुण्या-मुंबईत फेसाचं गणित वेगळं असू शकेल, तिथे मशीनही जास्त.

आणि नफा झाला तर लपवू नका. मी वर्षाचा हिशेब काउंटरमागे भिंतीला लावते: माल किती, शिलाई किती, भाडं किती, मला किती. कोणीही वाचावा. आमच्या गटाचा वर्गणीचा हिशेब मी दरवर्षी मागते, अजून तरी कुणी दाखवलेला नाही.